भिंत बांधायची की दार ठेवायचं?

गेल्या महिन्यात वेळापूरला घरी गेलो होतो. जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या सभागृहाच्या वाढीव बांधकामाचा नकाशा सगळ्यांसमोर ठेवला गेला. सभागृह म्हणजे मूळचा शादीखाना. वीसेक वर्षांपूर्वी बांधलेला, वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, वर स्लॅब. लग्न, साखरपुडा, एखादा सत्कार, कधीतरी रक्तदान शिबिर. आता लोक वाढले, पंगतीला जागा पुरत नाही, म्हणून तो वाढवायचा आहे. लोकांनी वर्गणी दिली आहे, आणखी थोडा निधी मिळण्याची आशा आहे.

नकाशात नवीन काय होतं? सभागृहाच्या उत्तरेला गावचं मोकळं मैदान आहे. त्या बाजूला, आपल्याच हद्दीत, सहा गाळे काढायचे. गाळ्यांची पाठ मैदानाकडे, वर कंपाउंडची भिंत. पालखी महामार्ग रुंद झाल्यापासून गावात जागेचा भाव वाढला आहे, गाळ्यांचं भाडं येईल, त्यातून सभागृहाचा खर्च भागेल. हिशेब सरळ होता आणि बहुतेक माना डोलत होत्या.

मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरचा. विटा-सिमेंटचा अधिकार मला नाही. तरीही मी उठून म्हणालो की मैदानाकडची बाजू बंद करू नका, उघडा. तिथे ओसरी काढा. त्यावर जी चर्चा झाली ती केवळ आमच्या गावाची नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे आपली वस्ती आहे आणि तिथे एखादं सभागृह आहे, तिथे हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. म्हणून हे अग्रलेखात मांडतो आहे.

हॉलमधला आवाज

आधी साधी गोष्ट. आमच्या सभागृहात भाषण समजत नाही. माईक कितीही चांगला आणा, शब्द एकमेकांवर चढतात. विजापूरचा गोलघुमट आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलींना ठरलेला असतो, तिथे एका हाकेची अनेक उत्तरं ऐकून आपण खूश होतो. पण तो मकबरा आहे, तिथे कुणाला भाषण ऐकायचं नसतं. आमचा हॉल म्हणजे छोटा गोलघुमट आहे, आणि तिथे मात्र मुलीच्या निकालापासून निकाहाच्या खुत्ब्यापर्यंत सगळं ऐकू यायला हवं.

याचं कारण १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाने शोधलं. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिनने रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, मांडायच्या, घुमारा मोजायचा आणि सकाळपर्यंत परत नेऊन ठेवायच्या. त्यातून सूत्र निघालं. खोलीचं घनफळ जितकं जास्त, तितका घुमारा लांब. आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त, तितका घुमारा कमी. शोषण मोजायला त्याने एकक कोणतं घेतलं? उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती शंभर टक्के शोषक.

आता आमच्या हॉलचा हिशेब करू. वीस गुणिले दहा गुणिले पाच मीटर, म्हणजे १००० घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून ७०० चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, म्हणजे सगळं मिळून २१ चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं. सूत्रात घातलं तर रिकाम्या, बंद हॉलचा घुमारा साडेसात सेकंदांच्या वर जातो. भाषणाला तो एक सेकंदाच्या आसपास हवा.

उत्तरेच्या भिंतीत तीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशी पाच दारं काढली तर ३६ चौरस मीटर उघडं होतं. घुमारा तीन सेकंदांच्या आत येतो. आत दीडशे माणसं बसली की त्यांचे कपडे आणि अंग आवाज शोषतात, मग तो सव्वा सेकंदाच्या आसपास उतरतो. हा अंदाज आहे, कागदावरचा. पण दिशा स्पष्ट आहे. महागडे साउंड पॅनेल घेण्याआधी दार उघडून बघावं.

कोल्हापूरचं उदाहरण

सभागृह आणि मैदान शेजारी असावेत ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. छत्रपती शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली असं सांगतात. १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा, भोवती चढत जाणारी गोल बैठक, कुठेही बसा, मल्ल दिसतोच. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, ज्याला पुढे संगीत रंगभूमीचे गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. एका बाजूला बंदिस्त नाट्यगृह, दुसऱ्या बाजूला उघडं मैदान. नाटक बघणारा आणि कुस्ती बघणारा एकाच आवारात येत होता. पंजाबचे मुसलमान पैलवान याच शहरात मोठ्या मानाने उतरत होते.

हेच शाहू महाराज १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगच्या स्थापनेमागे होते. दसरा चौकाच्या परिसरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं आजही दिसतात. प्रत्येकाचं छप्पर वेगळं, पण समोरचा चौक सगळ्यांचा. मला यातून एक साधा धडा दिसतो. स्वतःची संस्था असणं आणि सार्वजनिक जागेत असणं यात भांडण नाही. वसतिगृहाचं दार चौकाकडे उघडत असेल तर दोन्ही एकाच वेळी होतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि आतला मोठा भाग जळून गेला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ते नाट्यगृह पुन्हा उभं करण्याचं काम मग हाती घेण्यात आलं. त्या रात्री जमलेल्या लोकांना रडताना बघितलं तेव्हा कळलं की नाट्यगृह तिकीट काढणाऱ्यांपुरतं नसतं, शेजारून रोज जाणाऱ्याचंही असतं.

जगातही ही कल्पना नीट राबवलेली दिसते. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातल्या इबिरापुएरा उद्यानात ऑस्कर निमायर या वास्तुविशारदाचं एक सभागृह २००५ साली सुरू झालं. आत सुमारे ८०० माणसं बसतात. पण रंगमंचाच्या मागच्या भिंतीत वीस मीटर रुंद दार आहे. ते उघडलं की तोच रंगमंच उद्यानातल्या हिरवळीकडे तोंड करतो आणि हजारो माणसं बाहेर बसून कार्यक्रम बघतात. आत कार्यक्रम असेल तर दार बंद, सगळ्यांसाठी असेल तर उघडं. आम्हाला वीस मीटरचं दार परवडणार नाही. पण रंगमंच टोकाच्या भिंतीला चिकटवण्याऐवजी मैदानाच्या बाजूला घेतला, तर निकाह आतल्यांसाठी आणि पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम गावासाठी, दोन्ही एकाच ओट्यावर होऊ शकतात.

अम्मीला न दिसलेलं स्टेज

त्या दिवशी घरी आल्यावर मी अम्मीला नकाशाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत त्या हॉलमधलं स्टेज मला धड कधी दिसलंच नाही. आम्ही मागे, भटारखान्याच्या बाजूला. आवाज तेवढा येतो, तोही कळत नाही."

मला लाज वाटली, कारण मी घुमाऱ्याचं गणित करत होतो आणि ती कुठे बसते हे मी कधी विचारलंच नव्हतं. नव्या नकाशातही बायकांची जागा मागेच आहे, आणखी मागे. गाळे आले की ती खिडकीही जाईल जिच्यातून त्यांना वारा मिळतो.

ओसरीचा विचार करा. तीन मीटर खोल, हॉलच्या पूर्ण लांबीची, वर छप्पर, पुढे बसण्याजोगा ओटा. दुपारी तिथे मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू शकतात. संध्याकाळी अम्मीच्या वयाच्या बायका बसू शकतात, समोर मुलं खेळताना दिसतात. वस्तीतल्या पुरुषांना बसायला चहाची टपरी आहे, पार आहे, मशिदीचं आवार आहे. बायकांना घराबाहेर, काही काम नसताना, नुसतं बसायला कोणती जागा आहे? आपल्या तरुण वाचकांनी आपापल्या गावात हे मोजून बघावं. माझ्या गावात मला एकही सापडली नाही.

ओसरीची बाजू उत्तर असणंही सोयीचं आहे. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीशी पार करतो. आपल्या अक्षांशावर भर दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं ते साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच, आणि तेही जवळजवळ डोक्यावरून. तीन मीटरचं छप्पर ते सहज अडवतं. म्हणजे हॉलची उघडण्याजोगी सगळ्यात थंड बाजू आपण गाळ्यांनी बुजवायला निघालो आहोत.

दारं आणि जीव

अजून एक गोष्ट बैठकीत कुणी काढली नाही, ती मी काढली. सध्या हॉलला दोन दारं आहेत, दोन्ही रस्त्याच्या बाजूला. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे खुर्च्या मांडलेल्या सभागृहात माणशी ०.६ चौरस मीटर धरतात. आमच्या २०० चौरस मीटरच्या हॉलमध्ये ३३३ माणसं होतात. लग्नाच्या गर्दीत ती होतातच. मंडपाचं कापड, भटारखान्यात गॅस, डेकोरेशनच्या वायरी. रस्त्याच्या बाजूला आग लागली तर लोक जाणार कुठे? उत्तरेला गाळ्यांची पाठ असेल.

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात ५९ माणसं गेली. त्यातल्या अनेकांचा जीव धुराने गुदमरून गेला, कारण बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या किंवा बंद होत्या. संहिता सांगते की सभागृहाचं बाहेर पडायचं दार किमान दोन मीटर रुंद हवं आणि ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. मैदानाकडची पाच दारं ही सगळ्यात आधी जीव वाचवायची दारं आहेत. बाकीचे फायदे नंतर.

भिंत फोडण्याबद्दल एक सूचना. आमचा हॉल कॉलम-बीमवर उभा आहे, मधल्या भिंती नुसत्या भरलेल्या आहेत, त्यामुळे त्या काढता येतील असं दिसतं. पण हे ठरवायचं काम ना माझं, ना गवंड्याचं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय एक वीटही काढू नये. ओट्याची उंची ४५ सेंटीमीटर ठेवली तर बसायला सोयीची, आणि एकास बाराच्या उताराने ५.४ मीटरचा रॅम्प काढला की व्हीलचेअर आपली आपण वर येते.

"दार खुला रखे तो?"

आता खरा आक्षेप. गाळ्यांच्या भाड्याचा मुद्दा नव्हताच तो. बैठक संपल्यावर एक चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, तू पुण्यात राहतोस. दार खुला रखे तो कौन बी आता, व्हिडिओ काढता, काय बी लिहिता. जमाना बघतोस ना? भिंत असलेली बरी."

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यांची भीती खोटी नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांनी काय काय ऐकलं आणि सोसलं आहे हे या वाचकांना सांगायला नको. भीती वाटली की माणूस घराला कडी घालतो, ते स्वाभाविक आहे.

पण दोन गोष्टी मला त्यांच्यापुढे मांडाव्याशा वाटल्या. पहिली, भिंतीमुळे व्हिडिओ थांबत नाही. भिंतीआड काय चाललंय हे ज्याला माहीत नसतं, त्याच्याच मनात अफवा रुजते. ज्या ओसरीवर शेजारच्या आळीतली पोरं आपल्या पोरांबरोबर गणितं सोडवतात, त्या ओसरीबद्दलची अफवा गावात फार लांब जात नाही, कारण ती खोडायला गावातलाच माणूस उभा राहतो. हे प्रत्येक वेळी होईलच अशी हमी मी देत नाही. पण बंद भिंतीच्या बाजूने साक्षीदार कुणीच नसतो.

दुसरी, आपलं मैदानाशी नातं जुनं आहे. आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला असते. खुडूस फाट्याचं रिंगण झालं की वारकरी येतात आणि गाव तंबूंनी भरून जातं. लहानपणी आम्ही पोरं पाण्याचे हंडे घेऊन पळायचो, कोण कुणाचा हे कुणी विचारत नव्हतं. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळापाशी शाळेची सहल जायची तेव्हा आम्हीही बारवेच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसायचो. आणि आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल अमर शेख झाले ते कुठल्या बंद हॉलमध्ये नाही. गिरणीच्या फाटकावर आणि उघड्या मैदानात गाऊन झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज लाखो मराठी माणसांचा आवाज झाला.

सोलापूर शहरात महापालिकेचं नाट्यगृह आहे, हुतात्मा स्मृती मंदिर. ज्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, त्यांची ती आठवण. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि 'गजनफर' पत्राचे तरुण संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन यांची आठवण कुठल्या एका मोहल्ल्याच्या शादीखान्यात बंद नाही, सगळ्या शहराच्या रंगमंदिरात आहे. आपण गावाच्या मधोमध उभं राहायचं की मागच्या गल्लीत, याचं उत्तर त्या तरुणाने कधीच देऊन ठेवलं आहे.

उघडायचं, पण नियमाने

माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकतात. कुठलीही यंत्रणा पूर्ण बंद ठेवली तर ती सुरक्षित असते, पण कुणाच्या कामाची नसते. पूर्ण उघडी ठेवली तर कुणीही ती मोडतं. म्हणून काय उघडं, कुणाला, कधी आणि जबाबदार कोण, हे आधी लिहून ठेवायचं. सभागृहालाही तेच लागू आहे.

म्हणून माझी मांडणी अशी. ओसरी सकाळपासून रात्री नऊपर्यंत सगळ्यांना खुली. हॉल नोंदणीने, दर फलकावर लिहिलेला, जातधर्म न विचारता सगळ्यांना एकच. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, कारण तो कायदा आहे आणि शेजाऱ्याची झोप आहे. स्पीकरचं तोंड नेहमी आत. किल्ली दोघांकडे, त्यातली एक बाई. व्यवस्थापन समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया, आणि मैदानापलीकडच्या आळीतला एखादा शेजारी.

मैदानाबाबत एक पथ्य कडक पाळायचं. ते गावाचं आहे. ओटा, पायऱ्या, रॅम्प, सगळं आपल्या हद्दीच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली आहेत. मैदानाकडे दार उघडणं म्हणजे मैदान घेणं नव्हे. हे आपणच ग्रामसभेत जाऊन, नकाशा मांडून सांगावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ येणार नाही.

आणि गाळे? मी त्यांच्या विरोधात नाही. सहाऐवजी दोन, रस्त्याच्या बाजूला. उत्पन्न कमी होईल हे खरं आहे. पण त्या चार गाळ्यांच्या भाड्यात आपण काय विकतो आहोत, तेही वहीत लिहा. वारा, उजेड, आगीतून पळायची वाट, मुलींची अभ्यासाची जागा, आणि गावाला दिसणारा आपला चेहरा.

निर्णय अजून झालेला नाही. पुढची बैठक ईदनंतर आहे. या वेळी मी एक गोष्ट मागून घेतली आहे: बैठक हॉलमध्ये होईल, आणि अम्मी, आपा, शेजारच्या खाला पुढच्या रांगेत बसतील. नकाशा त्यांच्या हातात असेल.

तुमच्या गावातही असं एखादं सभागृह असेल, आणि त्याच्या वाढीव बांधकामाची कुजबूज चालू असेल. नकाशा मागा. तो तुमचा हक्क आहे, वर्गणी तुमच्या घरातूनही गेली आहे. मग चार प्रश्न विचारा. आग लागली तर बाहेर पडायचं कुठून? बायका बसणार कुठे? आतलं बोलणं ऐकू येणार का? आणि ही इमारत गावाकडे तोंड करून उभी आहे की पाठ करून?

उत्तरं आवडली नाहीत तर उठून बोला. तुम्ही इंजिनिअर नसलात तरी चालेल.